डावीकडची निवळी

आमच्या घरी झाडांची ओळख माणसांसारखी करून देत. ‘हा अंजन. याच्यामागे घाई लावून उपयोग नाही, एवढा व्हायला यानं माझं अर्धं आयुष्य घेतलं,’ असं बाबा सांगत आणि ऐकणारा उगाचच त्या झाडापुढे मान हलवी. बाबा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि कॉलेजची झाडांची बाग सांभाळत. ही बाग गावाबाहेर, बुलढाण्याहून धाडकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. बागेतच आम्हाला दोन खोल्यांचं, टिनाच्या छपराचं क्वार्टर मिळालं होतं. सकाळी तांबट पक्ष्याची टुकटुक सुरू झाली की आई चूल पेटवी. दुपारी वानरांची टोळी छपरावरून धावत गेली की स्वयंपाकघरातली भांडी वाजत. ‘लोकाइच्या घरी पाहुणे दारातून येतात, आपल्या घरी छतावरून,’ असं आई म्हणे. वाळवणाच्या दिवसांत ती हातात काठी घेऊन कुरडयांच्या खाटेशेजारीच जेवायला बसे. एका हातात भाकर-चून, दुसऱ्या हातात काठी. तरी एखादं वानर तिची नजर चुकवून मूठभर कुरडया नेईच, आणि मग आई त्या वानराच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करी. बाबा पुस्तकातून डोकं न काढता म्हणत, ‘अगं, त्यांनाही बदल पाहिजे की.’ यावर आई जे बोले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बागेत साधी झाडं होतीच, पण बाबांचा जीव होता तो बाहेरून आणून जगवलेल्यांवर. फाटकाशी गोरखचिंच होती. तिचा बुंधा एवढा फुगलेला की आम्ही चार मैत्रिणी हात पसरून उभ्या राहिलो तरी पाचवी कमी पडायची. तिच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहायची आणि भरदुपारी बाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे डोळे वटारून पाहायची. पुढे कृष्णवड, त्याच्या प्रत्येक पानाला देठाशी द्रोणासारखी घडी. मग कैलासपती. त्याची फुलं फांदीला न येता सरळ खोडाला येतात, आणि त्यांचा वास एवढा दाट की त्याच्याजवळ उभं राहिलं की भूक मरते, निदान माझी तरी मरे. विहिरीच्या बाजूला कांडोळ होता, पांढऱ्याफटक सालीचा. उन्हाळ्यात पानं गळून तो नागडा उभा राहिला की नवीन माणूस दचके. आणि एक पिवळा पळस होता. सगळीकडे पळस केशरी फुलतात आणि हा एकटा हळदीच्या रंगाचा. त्याला पाहायला लोक लांबून येत. आता वाटतं, बाबांनी आम्हाला पैशाअडक्यातलं काही दिलं नाही, पण असा शेजार दिला.

मी अकरावीत होते. माझं अक्षर चांगलं, ही घरातली एक मान्य गोष्ट होती, आणि तेवढ्या भांडवलावर मी बरीच चढून गेले होते. झाडांपुढच्या जुन्या लाकडी पाट्यांना वाळवी लागली तेव्हा कॉलेजनं टिनाचे पत्रे दिले आणि बाबांनी ते काम माझ्याकडे सोपवलं. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं वर मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव. पंधरा दिवस माझ्या नखांतून रंग निघाला नाही. झाडाला खिळा ठोकायचा नाही हा बाबांचा कडक नियम, म्हणून प्रत्येक पाटी लोखंडी सळईला बांधून झाडाच्या बुंध्याशी जमिनीत रोवायची होती. बाबांनी मला यादी लिहून दिली. फाटकातून आत येणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताला कोणतं झाड, उजव्या हाताला कोणतं, अशी ओळीनं. तिच्यात एका ओळीला लिहिलं होतं, ‘डावीकडे निवळी, उजवीकडे काजरा.’

आता ही दोन झाडं एका घराण्यातली. निवळीचं बी माठाच्या आतल्या बाजूला घासलं की गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो. विहिरी आटायला लागल्या की खेड्यांतल्या बाया हेच करत. काजऱ्याचं बी मात्र विष. ते वैद्य लोक शुद्ध करून गुंजभर वापरतात, एरवी त्याच्या वाटेला कोणी जात नाही. पानं दोघांचीही जवळपास सारखी, देठापासून निघणाऱ्या ठळक शिरांची. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तोंडपाठच होतं, एवढंच. आमच्या घरी स्वच्छ विहिरीचं पाणी येई, त्यामुळे निवळीचं सुटं बी मी कधी हातात धरून पाहिलं नव्हतं आणि काजऱ्याच्या बीला हात लावायची आम्हाला मनाई होती.

पाट्या रोवायच्या दिवशी त्या सगळ्या विहिरीजवळच्या खोलीत वाळत होत्या, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. म्हणजे यादी फाटकापासून लिहिलेली आणि मी चालत आले उलट्या बाजूनं. माझा डावा हात तो यादीतला उजवा. कांडोळाची पाटी मी एका मेडशिंगीपुढे रोवली आणि मान वर केली तेव्हा ही गंमत माझ्या लक्षात आली. मी मागे गेले, झालेल्या पाट्या एकेक करून पाहिल्या, चुकलेल्या उपटून बदलल्या. काजरा-निवळीपाशी आले तेव्हा दोन्हीकडचं एकेक पान तोडलं. दोन्ही सारखीच. ही जोडी मी आधीच बदलली की बदलायची राहिली, हे मला नीट आठवेना. फाटकाकडे जाऊन यादी पुन्हा लावून पाहणार, तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली. घरी वांग्याचं भरीत होतं आणि मी सकाळपासून उपाशी होते. ‘बरोबरच असणार,’ असं स्वतःला सांगून मी निघाले. त्या भरिताची चवही मला आता आठवत नाही, पण त्याच्या नादात मी काय केलं ते मात्र आठवतं.

दर महिन्याच्या एक तारखेला बाबा लोकांना बाग हिंडून दाखवत. येईल त्यानं यावं, चहा आमच्याकडे. त्या महिन्यात नेमके ते पेपर तपासायला अकोल्याला गेले होते आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीनं यायचे होते. आई म्हणाली, ‘लोकाइले परत पाठव.’ मी म्हणाले, ‘काऊन? मी दाखवते ना.’ खरं तर मी याच संधीची वाट पाहत होते. पंधरा-सोळा माणसं जमली. माझ्या वर्गातल्या दोघी, बँकेतले एक कारकून बायको-मुलीसह, दोन शिक्षक, आणि मागे मागे चालणारे एक म्हातारे गृहस्थ, पांढरं धोतर, डोक्याला गमछा. मी बाबांची काठी घेतली होती आणि बाबांसारखंच बोलत होते. बाबा वाक्य अर्धं सोडून एखाद्या पक्ष्याकडे पाहत थांबतात, तसं थांबूनसुद्धा पाहिलं. नशीब एवढं चांगलं की त्या दिवशी बागेतल्या सगळ्या जिवांनी हजेरी लावली. अंजनाच्या ढोलीतून घोरपडीनं डोकं बाहेर काढलं आणि कारकुनाच्या बायकोनं मुलीला उचलून घेतलं. अर्जुनावर वटवाघळं उलटी लटकली होती आणि उकडतंय म्हणून पंखांनी वारा घेत होती. हरणटोळ नावाचा हिरवा, दोरीएवढा साप करंजाच्या फांदीवर होता. तो मी दाखवेपर्यंत कोणालाच दिसला नव्हता, आणि दाखवल्यावर सगळे दोन पावलं मागे सरले. मी काठी टेकून म्हणाले, ‘घाबरू नका, त्याचं विष माणसाला मारणारं नाही.’ विषाबद्दल त्या दिवशी मी फार शहाणपणानं बोलत होते.

निवळीच्या पाटीपाशी आलो तेव्हा ते म्हातारे पुढे आले. ‘हेच का निवळीचं झाड?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. ते धाडचे, नाव किसनराव. बायको वारल्यापासून तिच्या नावानं ते बाजाराच्या जागी पाणपोई चालवत. कडुनिंबाखाली तीन मोठे रांजण, ऊन तापायला लागलं की पावसापर्यंत. ‘औंदा हिरीचं पानी पार गढूळ येऊन राह्यलं,’ ते म्हणाले. ‘उद्या आमचा बाजार. शे-दोनशे मानसं पानी पेतात. कोनं सांगतलं का तुमच्या बागीत निवळी हाय, म्हून आलो. दोन-चार बिया देसान का, बाई?’ आयुष्यात मला पहिल्यांदा कोणी ‘बाई’ म्हणालं होतं. झाडाखाली वानरांनी खाऊन टाकलेल्या फळांच्या बिया पसरल्या होत्या, चपट्या, गोल, राखाडी, रेशमासारखी लव असलेल्या. मी वाकून ओंजळभर वेचल्या. त्यांनी गमछ्याचं टोक पुढे केलं, बिया पाहिल्या, एक बोटात धरून फिरवली. ‘आमच्या मायजवळ बारीक राहायच्या,’ ते म्हणाले. ‘हे तं लय मोठं बी हाय.’

इथे मी थांबायला हवं होतं. मान वर करून झाडाकडे नुसतं पाहिलं असतं तरी शेंड्याला राहिलेली दोन-तीन नारिंगी फळं दिसली असती. निवळीला नारिंगी फळ कधीच येत नाही. पण माझ्यासमोर माझ्या अक्षरातली पाटी होती आणि मागे माझ्या वर्गातल्या दोघी ऐकत होत्या. ‘जंगलातलं झाड बारकं असतं काका,’ मी म्हणाले. ‘बागेतलं पोसलेलं असतं, म्हणून बी मोठं.’ त्यांनी मान हलवली, बिया गाठीत बांधल्या, चहा घेतला, आईला हात जोडले आणि दुपारच्या गाडीनं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओट्यावर चहा पीत होतो. बाबा रात्री उशिरा आल्यामुळे जांभया देत होते. विहिरीकडच्या झाडांतून धनेशाचा चिरका आवाज आला. राखी रंगाचा, मोठ्या वाकड्या चोचीचा तो पक्षी आमच्याकडे वर्षातून चार-दोन वेळाच दिसे, म्हणून बाबा उठून उभे राहिले. ‘काजऱ्यावर बसलाय,’ ते म्हणाले. ‘शेवटची फळं संपवतोय. गर तेवढा खाईल आणि बी टाकून देईल, हुशार आहे.’ मी म्हणाले, ‘बाबा, ती निवळी आहे.’ ते हसले. ‘निवळी इकडची, डाव्या हाताची. चाळीस पावलांवरून सांगतो मी.’ मी कप खाली ठेवला. धनेशाच्या चोचीत नारिंगी फळ होतं, मला ते तिथूनही स्वच्छ दिसलं. मी सगळं एका दमात सांगितलं, पाटी, यादी, किसनराव, ओंजळभर बिया, आजचा बाजार. बाबांनी फक्त विचारलं, ‘किती बिया?’ मी म्हणाले, ‘वीसेक.’ त्यांनी चपला घातल्या. आईनं आतून हाक दिली, ‘भाकर तरी खाऊन जा,’ तोवर आम्ही फाटकाबाहेर होतो.

तेव्हा घरोघर फोन नव्हते. कॉलेजच्या ऑफिसात एक होता, पण ऑफिस उघडायला वेळ होता, आणि पाणपोईला कुठला फोन. एसटी नुकतीच गेलेली. आम्ही रस्त्यावर उभे राहिलो आणि बाजाराला निघालेली जीप थांबली. आत मिरच्यांची पोती, दोन बकऱ्या, बांगड्यांच्या पेट्या घेतलेल्या दोन बाया आणि बाकी माणसं. बाबा मागे पायरीवर लोंबकळत उभे राहिले, मला बकऱ्यांशेजारी जागा मिळाली. मिरच्यांनी सगळे शिंकत होते. बांगडीवाल्या बाईनं विचारलं, ‘पोरी, काऊन रडून राह्यली?’ मी म्हणाले, ‘मिरची गेली डोळ्यात.’ तिनं पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, ‘बजारात उतरली का पानपोईवर तोंड धू. किसनकाकाचं पानी थंड राह्यते.’ ती दर बाजाराला तिथेच पाणी प्यायची. मला तिला सांगायचं होतं की आज पिऊ नका, पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. शेवटी मी तेवढंच म्हणाले, ‘मावशी, आज तिथलं पाणी पिऊ नका हो.’ तिनं माझ्याकडे विचित्र पाहिलं. मी आधी गप्प बसले होते याची लाज आजही वाटते.

धाडला बाजार अजून भरायचा होता. पाल ठोकणं चाललं होतं, भाज्यांचे ढीग लागत होते. कडुनिंब लांबूनच दिसला आणि आम्ही दोघं धावलो, बाबासुद्धा, धोतराचा सोगा हातात धरून. बाबांना मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. पाणपोईवर कोणी नव्हतं. तिन्ही रांजण पालथे पडलेले. खालची जमीन ओली. पितळी पेले उलटे मांडून ठेवलेले. शेजारी एक माणूस कांदे मांडत होता. बाबांनी त्याला विचारलं, ‘किसनराव कुठे आहेत?’ तो म्हणाला, ‘दवाखान्यात गेले ना सकाळीच.’ बाबांनी माझा हात धरला. इतका घट्ट की नंतर दोन दिवस मनगट दुखत होतं. दवाखाना कुठे, हे विचारून ते मला ओढतच निघाले.

दवाखाना म्हणजे एका डॉक्टरांचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या बाकावर किसनराव बसले होते. ताठ, पायावर पाय टाकून, गमछा मांडीवर. आम्हाला पाहून ते उठले. ‘या गुरुजी,’ म्हणाले, जसं काही आम्ही त्यांच्याच घरी आलो होतो. मी बाकाचा कोपरा धरून खालीच बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. बाजारातली चार माणसं पाहायला थांबली. माझ्या आयुष्यात पुढे बरीच सुखाची कारणं आली, लग्न, नोकरी, मुलीचा जन्म, पण इतकं बरं मला पुन्हा कधी वाटलं नाही. ते जिवंत होते. बोलत होते. पायावर पाय टाकून बसले होते.

मग त्यांनी सांगितलं. काल संध्याकाळी त्यांनी तिन्ही रांजणांत बिया घासल्या आणि रात्रभर पाणी बसू दिलं. ‘पन मायं एक हाय गुरुजी. पानपोई उघडली का पह्यला पेला म्या पेतो. मंग लोकायले. घरची व्हती तवाही ते पह्यला पेला मलेच दे.’ सकाळी त्यांनी पेला तोंडाला लावला. ‘जिभीले लागलं न लागलं तं असं कडू, का थुकूनच देलं. पानीबी निवळलं नव्हतं. म्या म्हनलं, पोरीनं देल्लं, थे खोटं कसं असन, रांजनच खराब झाला असन. मंग दुसऱ्यातलं चाखलं, थेही कडू. तिसरं चाखलंच नाई. तिन्ही ओतून देले, राखेनं घासले, बकऱ्या हाकलून देल्या, अन् बिया घिऊन इकडं आलो का डॉक्टरसायबाले इचारावं.’ डॉक्टर आतून आले, हातात त्यातलीच एक बी. ते म्हणाले, ‘काजरा आहे. थुंकलं म्हणून बरं, आणि बी फार टणक, घासून थोडंसंच उतरतं. तरी मी यांना तासभर बसवून ठेवलंय.’ मग बाबांकडे पाहून विचारलं, ‘पण निवळी म्हणून दिलं कोणी?’

‘बाग माझी आहे,’ बाबा म्हणाले. ‘चूक माझी. पंधरा दिवस पाटी चुकीची उभी होती आणि मी रोज तिथून जात होतो. मी झाडं पाहतो, पाट्या वाचत नाही.’ मी उठले आणि म्हणाले, ‘पाटी मी लावली. बियाही मीच दिल्या. काकांनी विचारलं होतं की बी मोठं कसं, तर मीच त्यांना समजावलं.’ हे शेवटचं बाबांना मी सांगितलंच नव्हतं. घरून निघताना ते मी गिळलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. त्या नजरेत काय होतं याचा मी फार वर्षं विचार केला. बहुतेक त्यांना तेव्हा कळलं की त्यांची मुलगी त्यांच्यासारखी बोलायला शिकली आहे, पाहायला शिकलेली नाही.

किसनराव म्हणाले, ‘मले शक आला व्हता पोरी. पन तू शिकेल-सवरेल, म्या म्हनलं हिले जास्त समजत असन.’ एवढंच. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मी त्यांच्या पायांवर हात ठेवला. ते म्हणाले, ‘असू दे. तुमी धावत आले ना सांगाया. कोनी येत नाई.’ डॉक्टरांनी सगळ्यांना चहा दिला. मग किसनराव बाबांना घेऊन परत कडुनिंबाखाली गेले, आम्ही तिघांनी मिळून रांजण पुन्हा एकदा धुतले आणि विहिरीवरून पाणी आणलं. गढूळच पाणी, पण ते तीन पदरी फडक्यातून गाळलं. पहिला पेला किसनराव प्यायले, आणि मान हलवून म्हणाले, ‘चालते.’ थोड्या वेळानं ती बांगडीवाली बाई आली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ‘आता प्या मावशी.’ ती दोन पेले प्यायली आणि तिनं विचारलं नाही की सकाळी मी तसं का म्हणाले होते. बाजार भरत गेला तसे लोक येत राहिले, आणि मी दुपारपर्यंत पाणी वाढत राहिले. एवढी माणसं पाणी पितात आणि कोणालाच काही होत नाही, हे मला पुन्हा पुन्हा पाहायचं होतं. निघताना किसनराव म्हणाले, ‘मंग खरी निवळी देता का नाई? पानी तं गढूळच हाय.’ त्यांनी हे बाबांना विचारलं नाही, मला विचारलं.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा पाट्या बदलल्या. बाबा जवळ उभे होते, पण त्यांनी हात लावला नाही. मग ते म्हणाले, ‘आता दोघांकडेही बघ.’ मी पाहिलं. काजऱ्याचं नारिंगी फळ वर होतं, धनेशानं शिल्लक ठेवलेलं एकच. निवळीखाली जांभळट-काळी, बोराहून लहान, सुकत चाललेली फळं पडली होती. पंधरा दिवस मी त्यांच्यावरून चालत होते. एका फळात एकच बी, छोटं, गोलसर, गुळगुळीत. अंगावर लव नाही. काजऱ्याच्या फळात चार-पाच चकत्या. खोडाचा रंग वेगळा, पानाचा आकारही नीट पाहिला तर वेगळा. कोणी हे सांगत नव्हतं, झाडंच दाखवत होती. अलीकडे माझी नात फोन पानासमोर धरते आणि त्यावर झाडाचं नाव येतं. मी तिला म्हणते, नाव आलं ना, आता वर बघ. ती म्हणते, आजी, तू ना. आणि पुढे जाते. तिचंही खरं आहे, मीही तशीच पुढे गेले होते.

आमच्या विहिरीचं पाणी स्वच्छ असल्यामुळे मी बागेतल्या खड्ड्यातलं गढूळ पाणी फडक्यातून गाळून आणलं. निवळीच्या बिया धुतल्या, माठाच्या आतून एकेक घासल्या आणि पाणी रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पाहते तो गाळ तळाशी बसलेला आणि वर पाणी नितळ. तळाचा एक खडासुद्धा मोजता आला असता. मी ठरवलं होतं, आधी आपण प्यायचं, दिवसभर थांबायचं, काही झालं नाही तरच किसनरावांना बिया पाठवायच्या. मी पेला भरला. विषाची भीती नव्हती, ती काल संपली होती. भीती होती ती माझीच, मी पुन्हा चुकले असेन याची. आई दारात उभी होती.

बाबा ओट्यावरून आत आले. पायात चपला तशाच, हातात पुस्तक. त्यांनी पुस्तक बगलेत धरलं, माझ्या हातातून पेला घेतला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मिशा पुसल्या, रिकामा पेला माझ्या हातात दिला आणि कॉलेजला जायला निघाले. कोणत्या झाडाखालच्या बिया, हे त्यांनी विचारलं नाही.